गॅसबत्तीच्या जाळीतलं थोरियम

आपल्या सीमाभागात वीज घरोघरी येण्याआधी, आणि आल्यावरही बरीच वर्षं, कोणतंही मोठं कार्य गॅसबत्तीशिवाय पार पडत नसे. लग्नाची वरात असो, गणपतीचं विसर्जन असो, जत्रेतलं नाटक असो. खानापूरकडे मराठी संगीत नाटक, गोकाककडे श्रीकृष्ण पारिजात, खाली घाट उतरला की यक्षगान. भाषा बदलायची, वेश बदलायचा, उजेड मात्र तोच. रॉकेलच्या टाकीला पंप मारला की सूं सूं असा एक संथ आवाज सुरू व्हायचा आणि काचेच्या आतली मुठीएवढी जाळी पांढरीशुभ्र पेटायची. त्या जाळीला कोणी मेंटल म्हणे, कोणी नुसतं जाळी म्हणे. वरातीत त्या बत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसं फोटोत कडेला असायची. नवरानवरीचे चेहरे ज्यांच्या उजेडात दिसले, त्यांची नावं कुणाला ठाऊक नसत.

त्या जाळीत काय होतं, हेही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्यात थोरियम होतं. युरेनियमचा सख्खा शेजारी, ज्याच्यावर भारताच्या अणुवीज कार्यक्रमाची मोठी भिस्त आहे, तोच धातू.

हा विषय आज घेण्याचं कारण एक फोन. बोलणाऱ्या वाचक भगिनींचं माहेर धारवाडकडचं, सासर बेळगावातलं. त्या म्हणाल्या, "सर, माळ्यावर सासऱ्यांची गॅसबत्ती सापडली बघा. सोबत डबाभर मेंटल आहेत, कोरी. मुलगी कन्नड मीडियमला, ती म्हणते हे विकिरणशील आहे, हात लावू नको. सासूबाई म्हणतात, चाळीस वर्षं आम्ही हाताळली, कुणाला काय झालं? आता मी कुणाचं ऐकू?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही. मी विज्ञानाचा नव्हे, भूगोलाचा प्राध्यापक. पण थोरियम हा आमच्या खनिजांच्या धड्यातला पाहुणा आहे आणि तो दरवर्षी वर्गात येतो. त्यामुळे त्याची थोडी ओळख आहे.

आधी त्याच्या बारशाची गोष्ट. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना १८१५ मध्ये एका खनिजात नवं मूलद्रव्य सापडलंसं वाटलं. त्यांनी स्कँडिनेव्हियाच्या थोर या देवाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. थोर म्हणजे मेघगर्जनेचा आणि विजेचा देव, हातात हातोडा. आपल्या वज्रधारी इंद्राच्या जातकुळीतला. पुढे कळलं की ते नवं मूलद्रव्य नव्हतंच, आधीच माहीत असलेल्या यट्रियमचं फॉस्फेट होतं. बाळ नाही आणि नाव मात्र तयार! मग १८२८ मध्ये नॉर्वेतल्या एका बेटावरून एस्मार्क या खनिजप्रेमी तरुणाला एक काळा जड दगड मिळाला. त्याच्या प्राध्यापक वडिलांनी तो बर्झेलियसांकडे पाठवला. त्यात मात्र खरोखर नवं मूलद्रव्य निघालं. बर्झेलियसांनी जपून ठेवलेलं नाव बाहेर काढलं आणि थोरियमचं बारसं झालं.

थोरियमचा अणुक्रमांक ९०, अणुभार २३२. ताजा कापलेला धातू चांदीसारखा दिसतो, हवेत राहिला की हळूहळू काळवंडतो. शिशापेक्षा किंचित जड. त्याची बारीक पूड आपोआप पेट घेऊ शकते, पण त्याचं ऑक्साइड अगदी उलट स्वभावाचं. ते वितळायला सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. ऑक्साइडांमध्ये हा सर्वांत वरचा आकडा मानला जातो. भट्टीत सगळं वितळेल, हे टिकेल. गॅसबत्तीची सगळी करामत या एका गुणावर उभी आहे.

ती करामत केली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी. गॅसची ज्योत मुळात निळसर आणि मंद असते. उष्णता भरपूर, उजेड कमी. त्या ज्योतीत न वितळणारं काहीतरी धरलं तर ते तापून उजळेल, ही त्यांची कल्पना. १८८५ मध्ये त्यांनी पहिली जाळी केली, पण तिचा उजेड हिरवट पडे आणि लोकांना तो आवडेना. बरेच प्रयोग करून १८९१ मध्ये त्यांना प्रमाण सापडलं: ९९ भाग थोरियम ऑक्साइड आणि एक भाग सिरियम ऑक्साइड. कापडाची पिशवी या धातूंच्या क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळवायची. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि त्याच विणीचा ऑक्साइडचा सांगाडा मागे राहतो. म्हणून तर एकदा पेटवलेली जाळी बोट लागलं तरी पिठासारखी विस्कटते. घरात लहानपणी जाळीला हात लावला म्हणून रट्टा खाल्लेले वाचक आजही पुष्कळ असतील.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाळी उजळते ती थोरियमच्या किरणोत्सर्गामुळे नव्हे. ती तापल्यामुळे उजळते. थोरियमचं काम सांगाडा धरून ठेवण्याचं. उजेडाला पांढरा रंग आणि तेज देण्याचं काम त्या शंभरातल्या एका भागाचं, म्हणजे सिरियमचं. एकत्र कुटुंबात असं असतंच. घर पेलणारा एक असतो आणि घराला उजळवणारा दुसरा.

एडिसनचा विजेचा दिवा तेव्हा नुकताच आला होता. या जाळीने गॅसच्या दिव्यांना आणखी काही दशकं जगवलं आणि युरोपातल्या कारखान्यांना थोरियमची भूक लागली. आता या कथेत आपला दक्षिणेचा किनारा येतो.

त्रावणकोर संस्थानातून युरोपात काथ्या जात असे. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज दिसलं. काथ्याला चिकटून आलेला कचरा काथ्यापेक्षा मोलाचा ठरला. कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिची आणि कोल्लमजवळच्या चवराच्या किनाऱ्यावर ही वाळू होती, आणि तिच्यात थोरियमचं प्रमाण जगात इतरत्र मिळणाऱ्या मोनाझाइटपेक्षा चांगलं होतं, आठ ते दहा टक्क्यांच्या घरात. शिवाय त्याच मोनाझाइटात सिरियमही भरपूर. म्हणजे जाळीचे दोन्ही घटक एकाच वाळूत! पश्चिम घाटाच्या आणि दक्षिणेच्या जुन्या खडकांची लाखो वर्षं झीज झाली. नद्यांनी ते कण समुद्रात नेले. लाटांनी हलकी वाळू मागे ओढली आणि जड कण किनाऱ्यावर ठेवले. सुपात धान्य पाखडताना जसा फोल उडून जातो आणि दाणा राहतो, तसंच. आपण घाटमाथ्यावरची माणसं वाळूला वाळू म्हणतो, घरात कन्नड बोलणारी उसुकु म्हणतात; पण वाळूची अशी पाखडण होते हे वर्गात सांगितलं की दोन्ही घरांतली मुलं सारखीच कान टवकारतात.

या वाळूने राजकारणही घडवलं. १९४५ मध्ये अणुबाँब पडले आणि थोरियमकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. १९४७ मध्ये त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर भारतात विलीन न होता स्वतंत्र राहण्याची भाषा करत होते, त्यामागे या किनाऱ्याचंही बळ होतं. अखेर त्रावणकोर भारतात आलं. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली आणि १९५२ मध्ये केरळात आलुवा इथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. १९५५ मध्ये मुंबईत तुर्भ्याला थोरियमचा कारखाना आला. तिथे तयार होणारं थोरियम नायट्रेट देशातल्या मेंटल बनवणाऱ्यांना मिळू लागलं. म्हणजे आपल्या वरातीतला उजेड आणि अणुशक्तीचा कार्यक्रम एकाच गोदामातून निघाले, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आता किरणोत्सर्गाकडे येऊ. हा शब्द मराठी शाळेत किरणोत्सर्ग असा येतो. कन्नडमध्ये विकिरण, आणि किरणोत्सारी म्हणजे विकिरणशील. अर्धायुष्याला तिकडे अर्धायु म्हणतात. शब्द वेगळे दिसले तरी ते एकाच संस्कृत वाड्यातले, फक्त दारं निराळी.

थोरियम किरणोत्सारी आहे हे १८९८ मध्ये कळलं. जर्मनीत गेरहार्ट श्मिट आणि पॅरिसमध्ये मारी क्युरी या दोघांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं. त्यानंतरची हकीकत मला फार आवडते. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रदरफर्ड आणि त्यांचे सहकारी ओवेन्स थोरियमचं मोजमाप घेत होते. आकडे काही केल्या स्थिर राहीनात. शोध घेता घेता लक्षात आलं की प्रयोगशाळेचं दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली की आकडा बदलतो. दगडातून निघणारे किरण वाऱ्याने कसे हलतील? रदरफर्डनी ओळखलं की थोरियममधून एक वायू बाहेर पडतो आहे, तो स्वतःच किरणोत्सारी आहे आणि वारा त्याला उडवून नेतो. आज त्याला थोरॉन म्हणतात. या वायूचा जोर साधारण एका मिनिटात निम्मा होतो, पुढच्या मिनिटात निम्म्याचा निम्मा. आपली मुलं बारावीत ज्या अर्धायुष्याची गणितं सोडवतात, त्या कल्पनेचा उगम १९०० मध्ये थोरियमच्या या वायूपाशी आहे.

पुढे फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनतज्ज्ञ रदरफर्डना येऊन मिळाला. थोरियम आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतं, हे त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा तो हर्षभरित होऊन म्हणाला की हे तर मूलद्रव्यांचं परिवर्तन आहे. रदरफर्डनी त्याला तो शब्द उच्चारू नकोस असं बजावलं म्हणतात. लोक आपल्याला किमयागार ठरवून मोडीत काढतील, ही भीती. पण होतं ते तेच. थोरियम पायरीपायरीने बदलत जातं, रेडियम, थोरॉन, बिस्मथ अशी रूपं घेतं आणि शेवटी शिसं होऊन शांत होतं.

यातली पहिली पायरी मात्र विलक्षण सावकाश आहे. थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १,४०५ कोटी वर्षं. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं धरतात, म्हणजे त्याहून जास्त! पृथ्वी जन्मली तेव्हा तिच्याकडे जेवढं थोरियम होतं त्यातलं पाचातले चार भाग अजून शिल्लक आहे. आणि इथेच घाबरणाऱ्याने थांबून विचार करायला हवा. "अब्जावधी वर्षं किरणोत्सारी राहतं" हे ऐकून छाती दडपते, पण अर्धायुष्य जितकं लांब तितका पदार्थ सौम्य. जो आपली पुंजी युगानुयुगे पुरवून खर्च करतो, तो एका दिवसात किती उधळणार? एक ग्रॅम शुद्ध थोरियमचे सेकंदाला सुमारे चार हजार अणू विघटित होतात. आकडा मोठा वाटतो ना? पण आपल्या प्रत्येकाच्या शरीरात जे नैसर्गिक पोटॅशियम असतं, त्यातलेही सेकंदाला सुमारे चार हजार अणू असेच विघटित होत असतात. कुणाच्या शेजारी बसलं म्हणून आपण घाबरत नाही.

पण एवढ्यावर सासूबाईंचं बरोबर आणि नातीचं चूक, असा निकाल देता येत नाही. थोरियममधून मुख्यतः अल्फा कण निघतात. ते कागदाने अडतात, हवेत काही सेंटिमीटर गेले की थकतात, आपल्या कातडीच्या वरच्या मृत थरातही शिरू शकत नाहीत. म्हणून बाहेर ठेवलेल्या थोरियमची फार भीती नाही. तेच थोरियम श्वासातून किंवा अन्नातून आत गेलं की मात्र मधे कागद नाही आणि कातडीही नाही. आतल्या नाजूक पेशींवर ते कण वर्षानुवर्षं आदळत राहतात. दाराबाहेर बसलेला विंचू आणि अंथरुणातला विंचू यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

याची फार मोठी किंमत माणसांनी मोजली आहे. १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचं औषध आलं. ते थोरियम ऑक्साइडचं द्रावण होतं. क्ष-किरणांच्या फोटोत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून ते शिरेत टोचत. चित्रं सुंदर येत, रुग्णाला त्या वेळी काही त्रास होत नसे. पण शरीर ते बाहेर टाकू शकत नव्हतं. ते यकृतात, प्लीहेत जाऊन बसलं ते कायमचं. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग दिसू लागले. १९५० च्या दशकापर्यंत त्याचा वापर थांबला, तोवर जगभर असंख्य लोकांना ते टोचून झालं होतं. "तेव्हा तर काही झालं नाही" हे वाक्य म्हणून पुरेसं नसतं.

याच्या दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. केरळात करुनागप्पल्ली तालुक्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लोक मोनाझाइटच्या वाळूवर राहतात. घर तिथेच, जाळी विणणंही तिथेच. त्यांना इतरांपेक्षा कित्येक पट जास्त नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. तिथे १९९० पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते. सुमारे ७० हजार लोकांची सरासरी दहा वर्षं पाहणी करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वाढीव किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं त्यांत दिसलं नाही. पण तो प्रामुख्याने बाहेरून मिळणारा किरणोत्सर्ग, हे विसरू नये. थोरोट्रास्टचे रुग्ण आणि करुनागप्पल्लीचे कोळी, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. थोरियम कुठे आहे, बाहेर की आत, यावर सगळं अवलंबून.

तर वहिनी, तुमच्या डब्याचं उत्तर असं. डबा माळ्यावर असल्याने घराला धोका नाही. जाळ्या पाकिटात आहेत तशा राहू द्या. गॅसबत्ती लावायचीच हौस असेल तर नवी जाळी पहिल्यांदा पेटवताना बत्ती अंगणात, मोकळ्या हवेत ठेवा आणि दूर उभे राहा, कारण पहिल्या जळण्यात तिच्यातली काही किरणोत्सारी द्रव्यं धुराबरोबर बाहेर पडतात. फुटक्या जाळीची राख फुंकरीने उडवू नका. ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांधा आणि हात धुऊन मगच कणकेला लावा. लहान मुलांना खेळायला मुळीच देऊ नका. परदेशात अनेक उत्पादकांनी थोरियमच्या जागी यट्रियम वापरायला सुरुवात केली, तेव्हा पर्याय आहे. सासूबाईंना सांगा की घाबरायचं कारण नाही. नातीला सांगा की तिने विचारलं ते योग्यच विचारलं.

मला खरी काळजी आहे ती माळ्यावरच्या डब्याची नाही, उद्यमबागेची. आमच्या कॉलेजात बारावी करून आयटीआयला गेलेला एक मुलगा आता आर्गन वेल्डिंग करतो. हात फार सफाईदार. मध्ये भेटला तेव्हा त्याच्या खिशात टंगस्टनच्या चार कांड्या होत्या, टोकाला लाल रंग. लाल टोक म्हणजे टंगस्टनमध्ये सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड मिसळलेलं. त्यामुळे ठिणगी चटकन धरते, टोक जास्त टिकतं, म्हणून कारागिरांची या कांडीवर माया. वेल्डिंग करताना तिच्यापासून फारसा धोका नाही. धोका आहे टोक काढण्यात. दिवसातून कितीदा तरी ती कांडी ग्राइंडरवर धरून पेन्सिलीसारखी अणकुचीदार करावी लागते आणि ती बारीक धूळ थेट नाकासमोर उडते. म्हणजे बाहेरचं थोरियम आत जाण्याचा सोपा रस्ता.

"मास्क लावतोस का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "चष्मा लावतो की सर. धुळीनं काय हुतंय?" डोळ्यांत ठिणगी गेली तर लगेच कळतं, म्हणून चष्मा. छातीत गेलेलं लगेच कळत नाही, म्हणून मास्क नाही. आपल्याकडच्या कितीतरी घरांचा संसार अशा हातांवर चालतो, म्हणून स्पष्ट लिहितो. कांडी घासायचा ग्राइंडर वेगळा ठेवा, त्याला धूळ ओढणारा पंखा बसवा, चांगला मास्क लावा, धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हात न धुता डब्याला हात लावू नका. आणि लॅन्थेनम घातलेल्या कांड्या बाजारात मिळतात, त्या किरणोत्सारी नाहीत आणि बहुतेक कामांना चालतात. मालकाला सांगून एक पाकीट मागवून तर पाहा. घरात कुणी वेल्डर असेल तर हा परिच्छेद त्याला वाचून दाखवा. मराठी वाचत नसेल तर कन्नडमध्ये सांगा.

आता शेवटचा प्रश्न, जो दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतोच: "सर, आपल्याकडे एवढं थोरियम आहे, मग लाइट का जाते?" मोबाइलवर फिरणारे संदेश तर सांगतात की भारताला शेकडो वर्षं फुकट वीज मिळेल एवढा साठा आहे, कुणीतरी मुद्दाम अडवलंय म्हणून ती मिळत नाही. साठा मोठा आहे हे खरं. देशाच्या किनारी वाळूत मोनाझाइट एक कोटी टनांहून जास्त आहे. कुणी मुद्दाम अडवलंय, हे मात्र त्या संदेशांतलं तिखटमीठ. अडचण थोरियमच्या स्वभावात आहे.

चुलीजवळ ओली लाकडं वाळत घातलेली आपण पाहिली आहेत. ओलं लाकूड स्वतः पेटत नाही. आधी कोरड्या लाकडाची चूल धडधडत हवी. तिच्या धगीशेजारी ठेवलेलं ओलं लाकूड वाळतं आणि मग उद्या कामाला येतं. थोरियम हे ओलं लाकूड आहे. त्याला न्यूट्रॉनची धग मिळाली की त्याचं आधी प्रोटॅक्टिनियम होतं आणि काही आठवड्यांत युरेनियम-२३३ होतं. ते मात्र उत्तम जळतं. म्हणून डॉ. होमी भाभांनी १९५४ मध्ये तीन टप्पे आखले. पहिल्यात नैसर्गिक युरेनियमवर वीज आणि त्यातून प्लुटोनियम. दुसऱ्यात प्लुटोनियमवर चालणाऱ्या, जाळतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या अणुभट्ट्या. तिसऱ्यात थोरियम. घाई करून ओली लाकडं आधीच चुलीत कोंबली तर धूरच होणार.

पहिला टप्पा आपल्या शेजारीच आहे. कारवारजवळ काळी नदीच्या काठी कैगाला २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. त्यांतल्या पहिल्या दोन २००० मध्ये सुरू झाल्या, आणि त्यांच्या सुरुवातीच्या इंधनात थोरियमचेही काही गठ्ठे ठेवले होते. कैगाची पहिली अणुभट्टी २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली, तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. याच कैगाला कन्नडचे थोर साहित्यिक शिवराम कारंत यांनी कडाडून विरोध केला होता. १९९४ मध्ये बांधकाम चालू असताना तिथल्या घुमटाचा आतला भाग कोसळला, हेही खरं. विक्रम सांगावा तसा घुमटही सांगावा, कारंतांचे प्रश्नही सांगावेत. कैगाची वीज आपल्याकडे आली म्हणून ते प्रश्न मिटत नाहीत.

दुसऱ्या टप्प्यासाठी कल्पाक्कमला ५०० मेगावॅटची अणुभट्टी बांधली गेली. तिचा गाभा भरायला मार्च २०२४ मध्ये सुरुवात झाली. तिसऱ्याची चुणूक म्हणून तिथेच कामिनी नावाची छोटी अणुभट्टी १९९६ मध्ये युरेनियम-२३३ वर सुरू झाली. तिची क्षमता ३० किलोवॅट, म्हणजे पंधरा गीझरएवढी उष्णता. वीज करणं हा तिचा हेतू नाही, संशोधन हा आहे. थोरियमपासून मोठी वीज करण्याच्या दृष्टीने डॉ. अनिल काकोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० मेगावॅटच्या प्रगत अणुभट्टीचा आराखडाही तयार केला. अमेरिकेत शिपिंगपोर्टला १९७७ ते १९८२ या काळात थोरियम वापरून जळालं त्यापेक्षा थोडं जास्त इंधन तयार करून दाखवलं गेलं, आणि चीनने २०२३ मध्ये गान्सू प्रांतात थोरियमसाठी बांधलेली वितळलेल्या क्षारांची छोटी अणुभट्टी सुरू केली. म्हणजे विज्ञान खोटं नाही. पण युरेनियम-२३३ सोबत तयार होणाऱ्या एका भावंडामुळे तीव्र गॅमा किरण निघतात, त्यामुळे ते इंधन जाड भिंतीआडून यंत्रांच्या हातांनीच हाताळावं लागतं. ते काम महाग आहे, जिकिरीचं आहे आणि सावकाश आहे. फुकट वीज म्हणून काही नसतं. मोनाझाइटची वाळू उपसणाऱ्या किनाऱ्यावर कुणाची तरी घरं असतात, आणि अणुभट्टीच्या कचऱ्यालाही कुठेतरी जागा द्यावी लागते.

वर्गातल्या त्या मुलांना मी एवढंच सांगतो: थोरियम देशाची ठेव आहे, पगार नाही. ठेव मोडायची तर आधी पासबुक नीट वाचता आलं पाहिजे. तुमच्यातल्या एकाने जरी पुढे जाऊन भौतिकशास्त्र घेतलं, आणि एकाने जरी उद्यमबागेतल्या आपल्या भावाला मास्क लावायला लावला, तर आजचा तास सत्कारणी लागला.